शिट्टीबाई समुद्राला निघाल्या

पोहण्याच्या तलावाच्या तळाची बुचं काढली त्या सकाळी शिट्टीबाई काठावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसल्या होत्या. पाणी पूर्ण उतरायला दोन दिवस लागणार होते, तरी त्या जागच्या हलेनात. सव्वीस वर्षं रोज सकाळी ज्या पाण्यात पहिली उडी त्यांची पडायची, ते गुडगुड करत चाललं होतं, आणि उथळ बाजूची निळी फरशी जागोजाग उखडलेली दिसायला लागली होती.

"सहा आठवडे तरी लागतील," नगरपालिकेचा इंजिनिअर म्हणाला. "फरशी सगळी बदलायची, नवं फिल्टर बसवायचं. तुम्ही रजा घेऊन टाका बाई. तुमची साठलेली रजा बघून आमचा हेडक्लार्क घाबरलाय."

बाईंचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. गावातल्या तीन पिढ्यांनी त्यांना शिट्टीबाई म्हणूनच ओळखलं. बावन्न वर्षांचं वय, क्लोरीनने राठ झालेले आखूड केस, पाठ ताठ, आणि आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचा माणूसही दचकून श्वास रोखून धरायचा. ज्यांना त्यांनी पोहायला शिकवलं, ते आता आपल्या नातवंडांना घेऊन येत होते. आणि सगळे एकच सांगत, "बाई ओरडतात, पण बुडू देत नाहीत."

अशा बाईंच्या मनात गेले आठ दिवस एक काटा सलत होता. तलाव बंद होण्याआधी बायकांच्या शेवटच्या तासाला एक नर्स आली होती. नुकतीच तरंगायला शिकलेली, त्यामुळे भलतीच उत्साहात. तिने विचारलं, "बाई, समुद्रात पाय टेकत नाहीत तेव्हा काय करायचं?"

"काही नाही करायचं. अंग सैल सोडायचं. समुद्र तर तलावापेक्षा जास्त उचलून धरतो. खारं पाणी ना ते."

"तुम्ही पोहल्या असाल ना पुष्कळ?"

"हो तर!" बाई बोलून गेल्या.

बोलून गेल्या आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडल्या. कारण बाई समुद्रात कधीच पोहल्या नव्हत्या. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता. तोही बंदराचा, पाण्यावर तेलाचा तवंग आणि काठावर 'पोहण्यास सक्त मनाई' अशी पाटी. त्या पाटीला मान देऊन त्या परत आल्या होत्या, आणि पुढे आयुष्य पन्नास मीटर जाऊन पन्नास मीटर परत येण्यात गेलं.

बाई राहत होत्या थोरल्या भावाकडे. खाली दादांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या दादा-वहिनींच्या, आणि गच्चीला लागून एक खोली बाईंची. लग्न त्यांनी केलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं तर "मुहूर्त सकाळचे असायचे, आणि सकाळी मी पाण्यात असते," एवढंच उत्तर. वहिनी पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होत्या. तीस वर्षं एका घरात राहून नणंद-भावजयीचं इतकं जमलं होतं की दादा कधीकधी म्हणायचे, "या घरात पाहुणा मीच आहे." वहिनी त्यांना अजूनही जुन्या रीतीने 'वन्सं' म्हणत, निम्म्या मायेने आणि निम्म्या थट्टेने. एकच गोष्ट बाईंना जमली नव्हती. सगळ्या गावाला त्यांनी पाण्यात उतरवलं, पण वहिनींनी कधी पायाचा अंगठासुद्धा तलावात बुडवला नाही.

तर त्या संध्याकाळी वहिनी पोस्टातून आल्या, चपला काढतायत न काढतायत तोच बाई म्हणाल्या, "वहिनी, मी समुद्रात पोहायला जाणार."

"बरं. जेवून जाणार की तशाच?"

"थट्टा नाही. हे बघ."

बाईंनी फोन पुढे केला. दुपारभर त्यांनी त्यात डोकं घातलं होतं. पॅसिफिक महासागराच्या मधोमध, नकाशावर पेनाचं टोक टेकवल्यासारखं दिसणारं एक बेट होतं. त्याच्याभोवती प्रवाळाचं कडं. मोठ्या लाटा बाहेरच्या बाहेर फुटायच्या, आणि कड्याच्या आत पाणी अगदी शांत. इतकं नितळ की त्यावर उभ्या असलेल्या होडीची सावली खालच्या वाळूवर पडली होती.

वहिनींनी चष्मा वर सरकवला, खाली घेतला. "हे पाणी आहे? मला वाटलं होडी हवेत आहे."

"हो ना! आणि आता तिकडे पावसाचे दिवस, गर्दी नाही, तिकिटं निम्म्यावर आलीत. हॉटेल नको. तिथे एक आजीबाई घरातली खोली देते, स्वयंपाकघर वापरू देते. विमान जवळच्या मोठ्या बेटापर्यंत, पुढे मालाची बोट. बोटीवर बाकं आहेत, बसायला पैसे अगदी थोडे."

"मालाची बोट म्हणजे आपण कशात बसणार? पोत्यांत?"

बाईंनी चमकून वर पाहिलं. "आपण?"

"मग काय! तुम्ही एकट्या जाणार आणि मी इथे पार्सलं तोलत बसणार? माझी पण रजा आहे म्हटलं. पोहणार मी नाही. काठावर बसून तुमच्या टॉवेलवर लक्ष ठेवीन."

बाईंनी वहिनींना उचललंच. वहिनी काही हलक्या नव्हत्या, पण सव्वीस वर्षं पाणी कापलेले खांदे होते ते.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही. सकाळी चहाआधी बाई फोन उघडून तिकिटाचा भाव बघायच्या आणि जिन्यातून खाली हाक द्यायच्या, "उतरलं!" किंवा "चढलं मेलं!" दुकानात घड्याळ द्यायला आलेली गिऱ्हाइकंही विचारू लागली, "आज काय, उतरलं का?" चौथ्या दिवशी भाव असा धाडकन खाली आला की बाईंचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. वहिनी पोस्टात होत्या. बाईंनी खिडकीवर फोन लावला. मागून रांगेतल्या लोकांची कुरकुर ऐकू येत होती.

"वहिनी, आत्ता घेऊ का? परत मिळणार नाही. पण एक अट आहे, रद्द केलं तर पैसे बुडाले. आणि मधल्या विमानतळावर अकरा तास खुर्चीवर काढायचेत."

"खुर्चीवरच गेलीय माझी नोकरी. घ्या!"

तिकिटं निघाली. बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात.

मग आला सामानाचा प्रश्न. स्वस्त तिकीट म्हणजे माणशी सात किलो, त्यावर एक ग्रॅम गेला तर दंड. पण इथे वहिनींच्या हाताला काटाच होता. एखादी वस्तू तळव्यावर घेतली की त्या डोळे मिटायच्या आणि वजन सांगायच्या. त्यांनी बाईंची बॅग पलंगावर उपडी केली.

"टॉवेल, सहाशे ग्रॅम. पातळ घ्या. ही साबणाची वडी अख्खी कशाला? अर्धी कापा. तीन पोहण्याचे पोशाख?"

"एक ओला, एक वाळणारा, एक अंगावर."

"मग साडी-बिडी, ड्रेस काही?"

"कशाला? मी पाण्यातून बाहेर येणारच नाही."

"वन्सं, जेवायला तरी याल ना?"

खाण्याचे जिन्नस नेता येणार नाहीत, फळं-बिया बेटावर चालत नाहीत, हे बाईंनी वाचून ठेवलं होतं. चहापूड आणि बिस्किटं तेवढी बॅगेत गेली. वहिनींनी स्वतःसाठी काळा गॉगल घेतला, तोही मोठा, सिनेमातल्या बायका घालतात तसा. तो घालून त्या दोन दिवस घरात वावरल्या. दादांनी विचारलं, "डोळे आलेत का?" तर त्यांनी उत्तरही दिलं नाही.

दादांचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. त्यांना होडीच्या नुसत्या चित्राने मळमळायचं, तेव्हा जाण्याचा प्रश्नच नव्हता. पण आपल्याला कुणी काही विचारत नाही, हे त्यांना लागलं होतं. शेवटी एका रविवारी ते डोळ्याला भिंग तसंच अडकवून वर आले आणि म्हणाले, "आणा ती तिकिटं. एकदा मी बघतो."

त्यांनी कागद उलटसुलट केला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"हे काय? मधल्या विमानतळावरून बुधवारी रात्री नऊला सुटतं, आणि मोठ्या बेटावर बुधवारीच सकाळी सातला पोचतं?"

"ती छपाईची चूक आहे रे दादा," बाई म्हणाल्या. "रात्री निघालेलं विमान सकाळी पोचणार म्हणजे गुरुवारीच ना. मी खोली गुरुवारपासून घेतलीय. गुरुवारी दुपारीच बोट आहे."

"छपाईची चूक आहे खरी," दादा सावकाश म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम घड्याळजीचा झाला. "पण गुरुवारही चूक. महासागरात एक वाररेषा असते. ती ओलांडली की वार बदलतो. शाळेत शिकलोय मी. एक दिवस जातो. तुम्ही पोचणार शुक्रवारी."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी. चाळीस वर्षं वेळेचंच काम करतोय मी."

वहिनींनी गॉगल काढला. बाईंनी बोटीचं वेळापत्रक उघडलं. गुरुवारी दुपारी बारा, त्यानंतर एकदम सोमवारी. म्हणजे शुक्रवारी पोचलं तर मोठ्या बेटावर तीन रात्री काढायच्या, आणि तिथली हॉटेलं साहेबलोकांसाठी. तीन रात्रींच्या भाड्यात त्यांची अख्खी सहल बसत होती. नऊ दिवसांतले तीन तिथेच संपणार. तिकीट रद्द करावं तर पैसे बुडाले.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. एवढं सगळं जमवलं, आणि वार मोजायला चुकलो? शिकवताना त्या पोरांना ओरडायच्या, उडी मारण्याआधी खाली बघा म्हणून. स्वतः मात्र न बघताच उडी मारून बसल्या होत्या. त्या गच्चीत जाऊन उभ्या राहिल्या. वाळत घातलेला पोशाख वाऱ्यावर हलत होता.

थोड्या वेळाने वहिनी मागून आल्या, आणि त्यांच्यामागे दादाही. "तोंड पाडून काय उभ्या राहिलात? त्या आजीबाईला फोन लावा. मार्ग तीच सांगेल. पार्सल हरवलं की मी पोहोचायच्या गावाला विचारते, निघायच्या गावाला नाही."

बाईंनी फोन लावला. पलीकडे पडद्यावर आधी नुसतं छत दिसलं, मग एक कोंबडी, आणि मग गोल चेहऱ्याच्या, पांढऱ्या केसांत फूल खोचलेल्या आजी. बाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळी कथा सांगितली. आजींचं इंग्रजी बाईंच्यापेक्षा फार बरं नव्हतं, त्यामुळे दोघींचं छान जमलं.

आजी ऐकत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. इतक्या हसल्या की फोन हातातून निसटला आणि परत छत दिसायला लागलं.

"शुक्रवार नाही! गुरुवारही नाही! तुम्ही बुधवारी येणार. बुधवारी सकाळी. कागद बरोबर आहे."

"पण आम्ही बुधवारी रात्री निघतोय!"

"हो. तुमच्याकडचा बुधवार संपता संपता आमचा बुधवार नुकता उगवलेला असतो. इकडे येताना दिवस मिळतो. परत जाताना तुम्ही तो देऊन जायचा."

बाई आणि वहिनींनी एकमेकींकडे पाहिलं. मग दोघींनी मिळून दादांकडे पाहिलं. दादा भिंग काढून रुमालाने पुसत होते.

"वाररेषा असते हे तर मीच सांगितलं ना," ते म्हणाले. "फक्त ती कुठल्या बाजूने ओलांडायची ते..."

"चाळीस वर्षं!" वहिनी म्हणाल्या, आणि तिघांनाही हसू आवरेना. सगळ्यात जास्त दादाच हसले. त्या दिवसापासून तेही तयारीत सामील झाले. त्यांनी दोघींना दोन जुनी मनगटी घड्याळं दुरुस्त करून दिली, आणि बेटाची वेळ कशी लावायची ते कागदावर लिहून दिलं. वहिनींनी तो कागद आजींकडून तपासून घेतला.

पण फोन तिथेच संपला नव्हता. आजी सांगत होत्या की बुधवारची रात्र मोठ्या बेटावर त्यांच्या बहिणीकडे काढा, ती काही घेणार नाही, गुरुवारी ती बोटीवर बसवून देईल. मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"मी लोकांना पोहायला शिकवते."

मग आजींचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला, आणि त्या घरातल्या कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसांनापण?"

"माझ्याकडे एक आजोबा ऐंशीव्या वर्षी शिकले. का?"

आजी अडुसष्ट वर्षांच्या होत्या. जन्मापासून त्याच बेटावर. नवरा मासेमारी करायचा, दोन्ही मुलगे होडीवर. पण लहानपणी एकदा लाटेने त्यांना ओढून नेलं होतं, शेजाऱ्याने केसांना धरून बाहेर काढलं, आणि त्यानंतर त्या गुडघ्यापलीकडे कधी गेल्या नव्हत्या. घरापासून पाणी वीस पावलांवर. सगळं बेट धरून चाललेलं की आजींना पोहता येतं, आणि आजींनीही कधी ते खोडून काढलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "आजी, मी तुम्हाला एक सांगते. तुमच्यासारखंच माझंही आहे. मी समुद्रात कधी पोहलेच नाही. सगळ्यांना मात्र वाटतं, मी पोहलेय."

आजी पुन्हा हसल्या, या वेळी हळू. "मग या लवकर. खोलीचं भाडं मी घेणार नाही. तुम्ही शिकवायचं, मी जेवू घालायचं."

भाडं नाही म्हटल्यावर बाई अवघडल्या, पण वहिनींनी बाजूने कोपर मारलं. खर्चाचा मोठा भागच गेला होता. त्यात सायकली भाड्याने घेता येत होत्या, आणि काचेच्या तळाच्या होडीतून एक फेरीही. पोहायचं नसलेल्या माणसाला मासे बघायला याहून सोयीचं काही नाही, असं वहिनींचं मत पडलं.

मग निघेपर्यंतचे दहा दिवस बाईंनी एका वहीत शिकवण्याची आखणी केली. पहिला दिवस, तोंड पाण्यात. दुसरा दिवस, फुगे. तिसरा दिवस, पाठीवर. सव्वीस वर्षं हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं, पण त्या नव्या मास्तरणीसारख्या खोडून खोडून लिहीत होत्या. रिकाम्या तलावाकडे आता त्या फिरकतही नव्हत्या. इंजिनिअर रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "बाई, काम दोन आठवडे लांबणार बहुतेक." त्या म्हणाल्या, "लांबू द्या हो!" तो बघतच राहिला.

प्रवासात काय काय झालं ते सांगत बसलं तर रात्र सरेल. विमानतळाच्या काट्यावर वहिनींची बॅग बरोबर सहा किलो नऊशे नव्वद भरली, आणि काट्यावरची मुलगी "वा!" म्हणाली, तेव्हा वहिनींनी गॉगल घातला. अकरा तास खुर्चीवर झोपण्याऐवजी दोघी गप्पाच मारत बसल्या. मालाच्या बोटीवर त्या सिमेंटच्या गोण्या आणि एका नव्या कोऱ्या फ्रीजच्या मधोमध बसल्या, आणि प्रवाळाचं कडं दिसलं तेव्हा बाई उभ्या राहून अशा ओरडल्या की खलाशाला वाटलं, कुणी पडलं.

त्याच संध्याकाळी बाई पाण्यात उतरल्या. वहिनी आणि आजी काठावर. बाईंनी सूर मारला, दहा-बारा हात मारले, आणि खाली पाहिलं. तळाला रेघ नव्हती. पुढे भिंत नव्हती. पन्नास मीटरवर हात टेकवून वळायची सव्वीस वर्षांची सवय, आणि इथे टेकवायला काहीच नाही, पाणी आपलं आभाळापर्यंत गेलेलं. क्षणभर बाईंचे हातपायच थांबले. ही भीती त्यांनी हजारो चेहऱ्यांवर पाहिली होती, स्वतःच्या अंगात कधी नाही. मग त्यांनी अंग सैल सोडलं. आणि समुद्राने त्यांना खरंच उचललं, तलावाने कधी उचललं नव्हतं तितकं वर. तोंडात पाणी गेलं. खारट, चांगलंच खारट. बाई एकट्याच पाण्यात पडून मोठमोठ्याने हसत राहिल्या.

काठावर वहिनींनी घाबरून विचारलं, "काय झालं?" आजी म्हणाल्या, "काही नाही. ठीक आहेत त्या."

दुसऱ्या दिवसापासून आजींचे धडे सुरू झाले. सकाळी, होड्या गेल्यानंतर, कुणी बघायला नको म्हणून. बाई ओरडल्या नाहीत. वहिनींना याचंच आश्चर्य वाटलं. त्या आता पोटरीपर्यंत पाण्यात उभ्या राहायच्या, आजींचं केसातलं फूल सांभाळत, आणि वहीतला पुढचा धडा वाचून दाखवत. आजी हट्टी होत्या. नाकात पाणी जायचं, खोकायच्या, आपल्या भाषेत काहीतरी सणसणीत बोलायच्या आणि परत तोंड बुडवायच्या.

सहाव्या सकाळी बाईंनी त्यांच्या पाठीखालचा हात हळूच काढून घेतला. आजींना कळलंच नाही. त्या पाठीवर तरंगत होत्या, पांढरे केस भोवती पसरलेले, पायांची बोटं पाण्याबाहेर, आणि नजर किनाऱ्याकडे. वहिनी हातात फूल धरून उभ्या. आजी बराच वेळ तशाच राहिल्या. मग त्यांनी ओठ हलवले.

"काय म्हणताय?" बाईंनी वाकून विचारलं.

"माझं घर," आजी म्हणाल्या. "इकडून मी ते कधी बघितलंच नव्हतं." आणि थोड्या वेळाने, भुवया आक्रसून, "छपराचा एक पत्रा पार गंजलाय. माझा मुलगा म्हणतो, सगळं ठीक आहे. त्याला बघतेच आता."